चकती परत यायच्या आत

तिसऱ्यांदा अख्खा कारखाना बंद पडला तेव्हा मी जिन्यात होते. आधी दिवे गेले, मग कागदयंत्राची ती कायम कानात बसलेली घरघर हळूहळू खाली येत थांबली. खालून कुणीतरी अगदी शांतपणे म्हणालं, "घ्या. पुन्हा."

मी धावत पॅनल रूममध्ये गेले. चकतीताई माझ्याआधी तिथं पोचल्या होत्या. वय त्रेपन्न, गुडघे कुरकुरणारे, तरी माझ्याआधी. मेन पॅनलसमोर उभ्या राहून त्या काचेआडच्या जुन्या रिलेकडे, म्हणजे करंट फार वाढला की वीज तोडणाऱ्या यंत्राकडे, बघत होत्या. त्याची लाल झेंडी पडली होती, म्हणजे वीज त्यानेच तोडली होती. शेजारच्या चौदा पॅनलवर मी बसवलेले नवे रिले मात्र बॅटरीवर आपापले हिरवे दिवे लावून निवांत होते. जणू काही घडलंच नाही.

"चौदांतल्या एकानेही काही पाहिलं नाही?" ताईंनी विचारलं.

"एकानेही नाही."

"मग याने काय पाहिलं?"

पंचवीस दिवसांत तीनदा हे झालं होतं, तिन्ही वेळा दुपारी, तिन्ही वेळा असंच. एकदा यंत्रावरचा कागद तुटला की ओली पट्टी पुन्हा रुळांवर चढवून चालती करायला चार तास जातात. यंत्रावरची माणसं आता आमच्याकडे बघून मान फिरवायला लागली होती.

चकतीताई काही इंजिनिअर नव्हत्या. विसाव्या वर्षी त्या या कारखान्यात आल्या त्या कागद मोजायला. मोजणीच्या हॉलमध्ये लांबच लांब टेबलं असायची आणि बायका उभ्याने कागदांचे गठ्ठे मोजायच्या. गठ्ठ्याचा कोपरा पंख्यासारखा उलगडायचा आणि बोटांनी पाच-पाच कागद सोडत जायचं. ताईंच्या गठ्ठ्यात कधी पाचशेचे चारशे नव्व्याण्णव झाले नाहीत, असं त्या हॉलमधल्या जुन्या बायका अजून सांगतात. मधला कागद फाटका असेल तर न बघता, नुसत्या स्पर्शाने त्या तो ओढून बाहेर काढायच्या.

एक दिवस विजेच्या टेस्टिंग रूममधले म्हातारे टेस्टर तिथं आले. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. मास्तरांचे हात थरथरायला लागले होते, आणि रिले साफ करणं हे थरथरत्या हातांचं काम नव्हे. त्या काळच्या रिलेत ॲल्युमिनियमची एक पातळ चकती असायची, बशीएवढी, आणि ती एका लोहचुंबकाच्या फटीतून फिरायची. त्या फटीत लोखंडाचा बारीक कीस अडकला की चकती अडखळते. तो कीस काढायचा तर फटीतून कागदाची पट्टी फिरवायची, चकतीला जराही न वाकवता.

मास्तरांनी हॉलमधल्या सहा बायकांना ते करून बघायला सांगितलं. पाच जणींनी चकती हलवली. सहाव्या ताई होत्या.

"उद्यापासून माझ्याकडे," मास्तर म्हणाले.

"पण मला विजेतलं काही येत नाही."

"बरंच झालं. म्हणजे चुकीचं शिकलेलं पुसायला नको."

ताईंनी हा प्रसंग मला निदान दहा वेळा सांगितला असेल. प्रत्येक वेळी त्यांचे डोळे चमकायचे. पहिल्याच आठवड्यात मास्तरांनी रिलेतून करंट सोडून दाखवला. थोडा सोडला तर चकती सावकाश फिरली. जास्त सोडला तर झपकन. टोकाला एक छोटा खिळा होता. चकती फिरत फिरत त्या खिळ्याला टेकली की ब्रेकर, म्हणजे मोठा खटका, पडतो आणि वीज जाते. करंट थांबला की एक नाजूक स्प्रिंग तिला हळूहळू मागे, शून्यावर आणते.

"तारेतला सगळा करंट यातून जातो?" ताईंनी विचारलं होतं.

"छे. जळून खाक होईल. तारेभोवती एक कडं असतं, सीटी म्हणतात त्याला. तारेतून हजार गेले की ते कडं रिलेला पाच सांगतं. रिले त्या पाचावरून काय ते ओळखतो."

"आणि वेळ? कुणी किती थांबायचं ते कोण ठरवतं?"

मास्तर हसले होते. "घरात भांडण झालं तर आधी त्याच खोलीतल्यांनी मिटवायचं. सासरेबुवांनी लगेच उठायचं नाही. खोलीतल्यांना नाहीच जमलं, तर मग काठी घेऊन उठायचं. खालच्या फीडरचे, एकेका विभागाला वीज नेणाऱ्या शाखांचे, रिले म्हणजे खोलीतली माणसं. मेनचा रिले म्हणजे सासरेबुवा. ते उठले की घर रिकामं."

"सासरेबुवा किती थांबतात?"

"खोलीतल्यांपेक्षा चार दशांश सेकंद जास्त."

एवढ्याशा वेळेवर अख्खा कारखाना उभा आहे, या गोष्टीने ताई खुळावल्या. घरी गेल्यावर नवऱ्याला सांगायला लागल्या. नवरा शिंपी होता. दोन खोल्यांच्या घरातली पुढची खोली त्याच्या शिलाई मशीनची. त्याने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "म्हणजे बाही बिघडली तर बाहीच उसवायची, सदरा नाही." ताईंना नवरा त्या दिवशी फार हुशार वाटला. सासूबाईंना मात्र 'रिले' हा शब्द काही केल्या जमेना. त्या 'रेल्वे' म्हणायच्या. सून रेल्वेत आहे, असं त्यांनी शेजारीपाजारी इतक्या अभिमानाने सांगितलं की दोन जण तिकिटं काढून मागायला आले.

मास्तर गेल्यावर टेस्टिंग रूम ताईंची झाली. चकतीताई हे नावही तेव्हाच पडलं. वर्षातून दोनदा त्या प्रत्येक रिले काढायच्या, फुंकायच्या, पट्टी फिरवायच्या, करंट सोडून घड्याळ लावायच्या आणि वहीत वेळ लिहायच्या. तीस वर्षांत मेनचा रिले एकदाही चुकीच्या वेळी पडला नव्हता.

मग मी आले.

मला नवे डिजिटल रिले बसवण्यासाठीच घेतलं होतं. एका शाखेमागे एक, असे चौदा फीडरचे चौदा रिले मी बदलले. मेनचा बदलायचा तर पूर्ण कारखाना दोन दिवस बंद ठेवावा लागतो, म्हणून तो पुढच्या मोठ्या शटडाऊनसाठी राखून ठेवला. ताई रोज माझ्याशेजारी स्टूल घेऊन बसायच्या. त्यांना राग येईल, आपलं काम काढून घेतलं असं वाटेल, अशी मला भीती होती. झालं उलटंच. नव्या रिलेचा मेनू उघडला की त्या चष्मा पुसून पुढे सरकायच्या.

"हे काय आहे, मॅडम?"

"करंट वाढला की वेळ किती भरभर कमी करायची, त्याचे हे प्रकार. तुमच्या चकतीला एकच चाल येते. याला नऊ येतात."

"आणि हे?"

"इथं करंट कितीही असू दे, ठरलेलीच वेळ."

"हट्टी आहे. आणि हे, खालचं?"

"रिसेट. करंट थांबला की आतली मोजणी शून्यावर कशी आणायची ते. दोन पर्याय आहेत. लगेच, किंवा चकतीसारखं हळूहळू."

"तुम्ही काय ठेवलंय?"

"लगेच. परत यायला वेळ लागतच नाही."

ताई म्हणाल्या, "म्हणजे झालं गेलं विसरतो."

"चांगलंच की, ताई. मनात काही ठेवत नाही."

आम्ही दोघी हसलो आणि मी पुढच्या पानावर गेले. कंपनीकडून रिले त्याच सेटिंगवर आले होते. मी ते बदलण्याचा विचारही केला नाही.

तिसऱ्या वेळेनंतर मोठ्या साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरांनी, आम्हाला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण तीन वेळा कागद तुटल्यावर कुणाचाही धीर सुटतो.

"चौदा नवे रिले म्हणतात सगळं ठीक आहे. एक जुना म्हणतो गडबड आहे. खोटं कोण बोलतंय ते सांगायला इंजिनिअर लागत नाही," ते म्हणाले. "म्हातारा झालाय तो. या शनिवारी काढून टाका. नवा येईपर्यंत मेन बिनरिलेची चालवू."

"साहेब, मेन बिनरिलेची चालवली आणि खरंच काही झालं, तर ट्रान्सफॉर्मर जाईल," ताई म्हणाल्या.

"मग त्याची वेळ वाढवा. तीन सेकंद करा."

"तेही तेच झालं. आग लागल्यावर तीन सेकंद बघत बसायचं."

"ताई, तुमचा त्याच्यावर जीव आहे, मला कळतं."

ताईंचा चेहरा लाल झाला. आवाज मात्र तसाच राहिला. "काल मी त्याची परीक्षा घेतली. एक पूर्णांक तीन सेकंद यायला हवे होते, एक पूर्णांक तीनच आले. तो खोटं बोलत नाही. शनिवारपर्यंत चार दिवस आहेत. मला त्याच्यासमोर बसू द्या."

"बसून काय करणार?"

"बघणार."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मला त्यांचं म्हणणं पटत होतं, खरं सांगायचं तर. पण ताईंच्या वहीतले तीस वर्षांचे आकडे मी वाचले होते. "बसू द्या, साहेब," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी ताई घरी गेल्या. नवऱ्याला म्हणाल्या, "उद्यापासून डबा मोठा दे. जेवायला उठता येणार नाही." सासूबाई म्हणाल्या, "गाडीला उशीर होतोय वाटतं." हे ताईंनीच मला दुसऱ्या दिवशी सकाळी सांगितलं, स्टूल मेन पॅनलसमोर लावता लावता.

पहिला दिवस कोरडा गेला. ताई सकाळी आठ ते संध्याकाळी पाच त्या काचेसमोर बसून राहिल्या. हातात टॉर्च, मांडीवर वही. चकतीच्या कडेवर एक काळी खूण असते, चकती किती फिरली ते कळायला. त्या खुणेवर प्रकाश धरून बसल्या होत्या. मी येता-जाता बघत होते आणि मनात म्हणत होते, बिचारी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोन वाजून वीस मिनिटांनी त्यांनी मला हाक मारली. मोठ्याने नाही, पण अशा आवाजात की मी हातातला चहा तसाच टेबलावर ठेवून धावले.

"हलली," त्या म्हणाल्या.

मी काचेतून पाहिलं. काळी खूण शून्यापासून बरीच पुढे होती आणि सावकाश, सेकंदकाट्याला शोभेल अशा चालीने मागे येत होती.

"एक झटका बसला. अर्धा सेकंद, जास्त नाही. तिसरा हिस्सा पुढे गेली आणि सुटली. आता परत चाललीय. मोजा."

मी मोजलं. शून्यावर यायला सहा सेकंद लागले. म्हणजे पूर्ण वाट परत यायची तर पंधरा-अठरा. कारखान्यात कुठंतरी काहीतरी क्षणभर पेटून विझलं होतं. कुणाला पत्ता नव्हता, माझ्या चौदा रिलेंना नव्हता. ते फक्त या चकतीने पाहिलं होतं.

"पण एकाच झटक्याने तर ती पडत नाही," मी म्हणाले.

"एकाने नाही." ताईंनी टॉर्च हलवली नाही. "मॅडम, प्रत्येक पॅनलवर काट्याचा ॲमीटर आहे ना?"

"आहे."

"तुम्ही तिकडे उभ्या राहा, चौदाही दिसतील अशा. मी 'आता' म्हटलं की कुठला काटा उडतो ते बघा. डोळे मिटू नका."

मी खोलीच्या मधोमध जाऊन उभी राहिले. चौदा पॅनल, चौदा काटे. मिनिटं जायला लागली. डोळ्यांत पाणी यायला लागलं. चहावर साय धरली असेल, असा काहीतरी भलताच विचार मनात आला. आणि तेवढ्यात ताई म्हणाल्या, "आता."

मी डावीकडे बघत होते. उजवीकडे काहीतरी हललं. शेवटच्या तीनांपैकी एक. नेमका कुठला ते निसटलं.

"शेवटचे तीन. त्यातला एक."

"छान. आता तिघांकडेच बघा." त्यांच्या आवाजात अशी धार आली होती की मला हसूच आलं. तीस वर्षं त्या ज्या चकतीची निगा राखत होत्या ती आज पहिल्यांदा त्यांच्याशी बोलत होती, आणि त्या ऐकत होत्या.

शेवटचे तीन म्हणजे बॉयलर, लगदा विभाग आणि वर्कशॉप. मी त्यांच्यापासून सहा पावलांवर होते. पुढची सात-आठ मिनिटं आम्ही दोघी श्वास धरून उभ्या होतो. म्हणजे ताई बसल्या होत्या.

"आता."

लगदा विभाग. काटा थेट शेवटच्या आकड्यापलीकडे उडाला आणि खाली आला.

"लगदा, ताई. लगदाच."

"थांबा, परत येतेय अजून. आता. पुन्हा मारलं. परत यायच्या आत पुन्हा मारलं." ताई उभ्या राहिल्या. "अर्ध्याच्या पुढं गेलीय. मॅडम, कळलं का? ती मागे येतेय, पण घरी पोचायच्या आत तिला पुन्हा ढकलतंय."

मला त्या क्षणी सगळं कळलं. सगळं. लगद्याच्या नव्या रिलेला पडायला सलग नऊ दशांश सेकंद लागत होते. झटका अर्ध्या सेकंदाचा. तो मोजायला लागायचा, झटका संपायचा, आणि मी सांगितल्याप्रमाणे तो शून्यावर जायचा. दोन सेकंदांनी पुढचा झटका, पुन्हा शून्यापासून. असे शंभर झटके बसले असते तरी तो हिरवा दिवा लावूनच बसला असता. आणि इकडे जुनी चकती प्रत्येक झटका लक्षात ठेवत होती. खोलीतले एकमेकांचे केस ओढत होते आणि दर दोन सेकंदांनी विसरत होते. सासरेबुवा मात्र मोजत होते.

"आता. तिसरा. टेकायला आलीय." ताईंचा आवाज चढला. "काढ गं तो, काढ."

सहा पावलं मी किती उड्यांत गेले आठवत नाही. लगदा विभागाच्या ब्रेकरची मूठ पकडली आणि फिरवली. आत धाडकन आवाज झाला. लगद्याच्या पॅनलवरचे दिवे बदलले.

मग काहीच झालं नाही. म्हणजे आमच्या डोक्यावरचा दिवा चालू राहिला. भिंतीपलीकडे कागदयंत्राची घरघर चालू राहिली. मी ती ऐकत उभी होते.

"बघायला या," ताई म्हणाल्या.

खूण खिळ्यापासून बोटभरसुद्धा लांब नव्हती. आमच्या डोळ्यांदेखत ती मागे सरकायला लागली, सावकाश, काही घाई नसल्यासारखी. आम्ही ती शून्यावर येईपर्यंत बघितली. मग ताई एकदम म्हणाल्या, "माफ करा हं, मॅडम. 'काढ गं' म्हटलं मी."

"तुम्ही 'मॅडम, कृपया काढता का' म्हणाला असतात तर कागद तुटला असता."

त्या इतक्या हसल्या की त्यांना स्टुलावर बसावं लागलं.

दाराशी मोठे साहेब उभे होते. लगदा विभाग बंद पडल्याचा फोन त्यांना लगेच गेला होता. "लगदा कुणी थांबवला?"

"मी," मी म्हणाले.

"मी सांगितलं म्हणून," ताई म्हणाल्या. "साहेब, टाकीत चाळीस मिनिटांचा लगदा आहे. यंत्र तोवर चालतं. भांडायचं ते नंतर भांडू, आधी माझ्याबरोबर चला."

आम्ही तिघं आणि लगदा विभागाचा फिटर पंपांपाशी गेलो. वीज तोडलेली आहे याची मी दोनदा खात्री करून घेतली, पंपाच्या केबलला अर्थिंगची तार जोडली, आणि फिटरने केबल बॉक्सचं झाकण उघडलं. आतून जळक्या रबराचा वास आला. एका बाजूला काजळीचा काळा पट्टा, आणि तळाला पाणी. वरून वाफेची एक नळी जात होती. दुपारच्या पाळीत त्या नळीतून गरम वाफ सोडतात. जोडापाशी ती थेंब-थेंब गळत होती, नेमकी त्या झाकणाच्या फटीवर. पाणी आत जायचं, ठिणगी उडायची, ठिणगीने पाणी उडून जायचं, जागा कोरडी व्हायची. पुन्हा थेंब.

साहेबांनी वाकून आत पाहिलं, वरच्या नळीकडे पाहिलं. मग फिटरला म्हणाले, "राखीव पंप किती वेळात चालू होईल?"

"पंचवीस मिनिटं."

"वीस करा." आणि ताईंकडे वळून, "शनिवारचं राहू द्या."

एवढंच. पण ताईंनी ते असं ऐकलं की जणू त्यांच्या घरातल्या कुणाची शिक्षा माफ झाली.

माझं काम मात्र बाकी होतं. राखीव पंप चालू झाल्यावर मी लगद्याच्या रिलेतली नोंदींची यादी उघडली. फक्त ट्रिपच्या, म्हणजे वीज तोडल्याच्या, नोंदी दाखव, असं मीच त्याला सांगून ठेवलं होतं. ती अट काढली तशा ओळींवर ओळी खाली सरकायला लागल्या, प्रत्येक झटक्याला मोजणी सुरू झाल्याची आणि सुटल्याची. उचलला, सोडला. उचलला, सोडला. अठ्ठावीस दिवसांत चारशे अकरा वेळा. तो काही आंधळा नव्हता. त्याला सगळं दिसलं होतं, मीच त्याला गप्प बसवलं होतं.

"ताई, ही माझी चूक आहे," मी म्हणाले. "रिसेट लगेच ठेवायला नको होतं. वर जुनी चकती असताना तर नकोच. तुम्ही विचारलंही होतं."

"मी विचारलं होतं, पण मलाही कळलं नव्हतं," ताई म्हणाल्या. "आणि आपण दोघी हसलो होतो. आता बदला बघू. मला करंट सोडून बघायचंय."

रिले पडले तरी वीज जाऊ नये म्हणून ब्रेकरकडे जाणाऱ्या त्यांच्या तारा सोडवल्या आणि आम्ही तिथंच टेस्ट किट लावलं. मी रिसेट चकतीसारखं हळूहळू केलं. बाहेरून झटके द्यायचं काम ताईंचं. अर्धा सेकंद चालू, दीड सेकंद बंद. त्यांना घड्याळ लागलं नाही. पाच-पाच कागद सोडणारी ती बोटं बटणावर आपली लय धरून बसली. एक. दोन. तिसऱ्या झटक्याला नवा रिले पडला. मग तेच झटके मेनच्या चकतीला दिले. तिसऱ्याला ती खिळ्याच्या अलीकडे थांबली, चौथ्याला टेकली.

"खोलीतले आधी उठले," ताई म्हणाल्या. "अजून एकदा करू?"

"बरोबर आलंय की."

"माहितीय. बघायला मजा येते म्हणून."

आम्ही अजून तीनदा केलं. मग उरलेल्या तेरा रिलेंची सेटिंग बदलली, प्रत्येकाला झटके देऊन पाहिलं. शेवटचा रिले संपवून बाहेर पडलो तेव्हा पाळी सुटली होती आणि फाटकावर ताईंचा नवरा सायकल घेऊन उभा होता. त्याला वाटलं होतं आज चौथ्यांदा वीज गेली. ताईंनी त्याला तिथंच, फाटकात उभं राहून, पहिल्या झटक्यापासून सगळं सांगितलं. "मी 'काढ गं' म्हटलं आणि ती धावली," असं सांगताना त्यांनी त्याच्या दंडाला इतक्या जोरात पकडलं की सायकल पडली.

पुढच्या वर्षी मोठ्या शटडाऊनमध्ये मेनचा रिलेही बदलला. तो ताईंनी स्वतः काढला, कुणाला हात लावू दिला नाही, आणि त्याच दुपारी नव्याचा मेनू पाठ करायला बसल्या. मला वाटलं होतं त्यांना वाईट वाटेल. त्यांनी मला विचारलं, याच्यात दिशा ओळखायचा पर्याय दिसतोय, म्हणजे करंट कुठल्या बाजूने आला ते याला कळतं का? मी हो म्हटलं. त्या दिवशी मला घरी जायला उशीर झाला.

ही गोष्ट एका कारखान्यातून दुसऱ्यात गेली. आमच्यासारखंच अर्धं नवं, अर्धं जुनं असलेले बरेच होते, आणि त्यांच्याकडेही न कळणाऱ्या वेळी मेन पडत होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिली असताना ताईंना एका सिमेंट कारखान्याने बोलावून घेतलं. रेल्वेने आठ तासांचा प्रवास. ताई यापूर्वी एकट्या कधी गावाबाहेर गेल्या नव्हत्या. नवऱ्याने त्यांच्यासाठी टॉर्च, वही आणि चष्मा राहील असे तीन खिसे असलेला कोट शिवला. चौथ्या दिवशी दुपारी त्यांचा मला फोन आला.

"ऐक," त्या म्हणाल्या. मॅडम कधीच सुटलं होतं. मागे कसलीतरी प्रचंड चक्की फिरत होती, त्यामुळे त्या मोठ्याने बोलत होत्या. "यांचं वेगळंच आहे. वेळ बरोबर आहे, सीटीच चुकीचं सांगतंय. मोठी मोटर चालू झाली की कडं गोंधळतं, हजाराचे पाच सांगायच्या ऐवजी तीन सांगतं. इथले लोक दोन महिने रिलेलाच बोल लावत होते."

"मग सापडलं ना? या की परत."

"सापडलं गं. पण इथं एकवीस पॅनल आहेत आणि सहा वेगवेगळ्या कंपन्यांचे रिले. दोन तर मी जन्मात पाहिले नाहीत. मी रविवारपर्यंत राहतेय. घरी तू सांग, माझं ऐकायचे नाहीत. आणि हो, त्या दिशेच्या पर्यायाचं तू मागे काय सांगितलं होतंस ते पुन्हा सांग. थांब, वही काढते."